परतीचं तिकीट खिशात असलेला चित्रकार

2001 साली गी देलिल दोन महिन्यांसाठी प्याँगयांगला गेला तो रिटेक, म्हणजे चुकलेलं काम पुन्हा करावं लागणं, कमी करायला. फ्रेंच टीव्हीवरच्या कार्टून मालिकेची चित्रं उत्तर कोरियाच्या राजधानीत, एसईके नावाच्या सरकारी स्टुडिओत काढली जात होती. फ्रान्सहून निघालेली सूचना तिथल्या टेबलावर पोचेपर्यंत तिचं काय होतं, पात्राचा हात भलतीकडे का वळतो, चालताना ते घसरल्यासारखं का दिसतं, हे बघायला कुणीतरी तिथे बसवणं भाग होतं. असा माणूस आपल्या आयटीवाल्यांना लांबूनही ओळखू येईल. क्लायंटकडून आलेला, क्वालिटीवर नजर ठेवणारा, हॉटेलचं बिल कंपनीच्या नावावर. फरक इतकाच, की या माणसानं परत गेल्यावर रिपोर्टवर भागवलं नाही, त्या मुक्कामाची चित्रकादंबरी केली. ‘प्याँगयांग’ 2003 मध्ये फ्रेंचमध्ये आली, पुढे इंग्रजीत गेली आणि देलिलचं नाव झालं.

हा मूळचा कॅनडातल्या क्वेबेक शहरचा, जन्म 1966 चा. ॲनिमेशन शिकला, कामाच्या मागे युरोपात गेला, फ्रान्समध्ये स्थिरावला. 1997 मध्ये अशाच देखरेखीच्या कामावर चीनमधल्या शेनझेनला तीन महिने राहिला होता; त्याचं पुस्तक 2000 मध्ये आलं. नंतर कामाची दिशा बदलली. बायको एमएसएफ या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत प्रशासनाचं काम बघायची. तिची नेमणूक जिथे, तिथे हा. आधी म्यानमार, मग जेरुसलेम. दोन्ही मुक्कामांची पुस्तकं झाली आणि जेरुसलेमच्या पुस्तकाला 2012 मध्ये आंगुलेमच्या चित्रकथा महोत्सवात सर्वोत्तम अल्बमचा मान मिळाला.

ही पुस्तकं जगभर ‘बंद देशांचं दर्शन’ म्हणून वाचली जातात. परीक्षणंही त्याच सुरात: हुकूमशाही कशी, भिंत कशी, सैनिक कसे. मला वाटतं, देलिल थोर ठरतो तो नोकरीविषयी सांगतो तेव्हा. देशाविषयी निवाडा करायला लागला की त्याचा पाय घसरतो. आणि ज्या नोकरीविषयी तो सांगतो तिच्या दुसऱ्या टोकाला आपलीच पोरं बसलेली आहेत. म्हणून हा प्रश्न आपलाही आहे. कामाच्या त्या टोकाचं चित्र कोण काढणार, आणि आजवर ते निघालं का नाही?

आधी काम काय असतं ते बघू. हातानं काढलेल्या ॲनिमेशनमध्ये हालचालीतल्या मुख्य अवस्था अनुभवी चित्रकार काढतो, त्या की-फ्रेम. हात खाली, हात वर. या दोहोंच्या मधली सगळी चित्रं इन-बिट्वीनर काढतो. सिनेमाच्या एका सेकंदाला 24 फ्रेम लागतात. एक चित्र दोन फ्रेम चालवलं तरी सेकंदाला 12 चित्रं. टीव्हीच्या एका भागात कितीही काटकसर केली तरी हिशेब हजारांत जातो. मग उद्योगानं सोपा मार्ग काढला. कथा, पात्रं, स्टोरीबोर्ड (प्रसंगांचा चित्रांतला कच्चा आराखडा) श्रीमंत देशात ठेवायचं आणि मधली चित्रं जिथे हात स्वस्त तिथे पाठवायची. काम जपानला गेलं, दक्षिण कोरिया आणि तैवानला गेलं, तिथले पगार वाढले तसं चीनकडे सरकलं, आणि चीनही महाग वाटू लागला तेव्हा उत्तर कोरिया परवडला. फिलिपिन्स, व्हिएतनाम, भारत याच रांगेत.

देलिल ही रांग आतून दाखवतो, आणि तिथे त्याला तोड नाही. शेनझेन हे 1980 मध्ये जाहीर झालेलं विशेष आर्थिक क्षेत्र. त्याच्याभोवती कुंपण होतं आणि तिथे शिरायला खुद्द चिनी नागरिकांनाही परवाना लागायचा. पण त्या पुस्तकात शहर फारसं नाहीच. हॉटेलची खोली, स्टुडिओ, पुन्हा खोली. जेवण मागवायचं तर खाणाखुणा. ज्याच्याशी दोन वाक्यं नीट बोलता येतील असा माणूस नाही. करड्या, काजळी फासल्यासारख्या चौकटी पानामागून पानं तशाच. काही वाचकांना हे पुस्तक कंटाळवाणं वाटतं. मला ते त्याचं सर्वांत खरं पुस्तक वाटतं. ऑनसाइटवर, म्हणजे क्लायंटच्या गावी, एकट्यानं तीन महिने काढलेल्या कुणालाही विचारा. परदेश म्हणजे बहुतेक वेळ हेच असतं: लॉबी, लिफ्ट, डेस्क आणि रविवारची दुपार.

प्याँगयांगमध्येही स्टुडिओतली पानं अशीच अस्सल आहेत. समोरचा चित्रकार कमी प्रतीचा आहे असं मुळीच नाही. त्याची रेघ पक्की आहे. अडतं ते हावभावांवर. फ्रेंच माणूस ‘मला काय माहीत’ म्हणताना खांदे कसे उडवतो हे ज्यानं कधी पाहिलेलंच नाही, त्यानं ते मधल्या सात-आठ चित्रांत कसं उतरवायचं? देलिलचं सगळं काम या फटीत चालतं. जागतिकीकरणावरची व्याख्यानं ऐकून जे कळत नाही ते इथे एका खांद्यात कळतं.

मग तो स्टुडिओबाहेर पडतो. तेदोंग नदीतल्या बेटावरचं भलंमोठं यांगाकदो हॉटेल, त्यात परदेशी पाहुण्यांचा मजला तेवढा उजळलेला. 1987 मध्ये बांधायला घेतलेला आणि पुढे अर्धवट सोडलेला 105 मजल्यांचा र्‍युग्याँग हॉटेलचा त्रिकोणी सांगाडा. गाइडशिवाय पाऊल टाकायचं नाही. रस्त्यावर एकही अपंग माणूस का दिसत नाही, असं देलिल विचारतो; गाइड सांगतो की आमच्या देशात सगळे सुदृढच जन्माला येतात. हा प्रसंग जगभर उद्धृत होतो आणि वाचक हसतात. मला त्या हसण्यात अडचण वाटते. गाइडनं दुसरं काय उत्तर द्यायचं होतं? खरं बोलला तर शिक्षा त्याला. प्रश्न विचारणाऱ्याचं विमान ठरलेल्या तारखेला उडणारच.

याहून टोचणारी गोष्ट म्हणजे ऑर्वेलची ‘1984’. देलिलनं ती सोबत नेली होती, आणि ती त्यानं गाइडला वाचायला दिली. गाइडनं अस्वस्थ होऊन परत केली. पुस्तकात हा प्रसंग मिश्कील म्हणून येतो. मला तो बेफिकीर वाटतो. ज्या देशात चुकीचं पुस्तक जवळ सापडणं जिवावर बेतू शकतं, तिथे दुसऱ्याच्या हातात ते ठेवणं ही गंमत फक्त पाहुण्याला परवडते. देलिल दुष्ट नाही. स्वतःचा उथळपणा, चिडचिड, कंटाळा तो लपवत नाही, आणि हा प्रामाणिकपणा थोडाथोडका नाही. पण कबुली दिली म्हणून समोरच्याचा धोका कमी होत नाही.

कुणी म्हणेल, मग काय त्यानं लिहायचंच नाही? बाहेरच्यानं दुसऱ्याचा देश काढूच नये, असा एक कडक पक्ष हल्ली तयार झालाय. मी त्या पक्षात नाही. तसं झालं तर जिथे आतल्यांना बोलायची मुभा नाही त्या जागांविषयी आपल्याला काहीच कळायचं नाही. आणि मग आपण विलायतेविषयी, अमेरिकेविषयी शंभर-सव्वाशे वर्षं जे मराठीत लिहीत आलो तेही बाद करावं लागेल. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत राहून आल्यावर 1889 मध्ये तिथल्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिलं. त्यात शाळा, स्त्रियांच्या संघटना, राज्यकारभार, सगळ्याची चौकशी आहे. वसाहतीतली एक विधवा गोऱ्यांच्या देशाचा हिशेब मांडते आहे. हा अधिकार आपण तिला आनंदानं देतो. देलिलला नाकारायचा कोणत्या तोंडानं?

तेव्हा देलिलनं काढलं ते गैर नाही. फक्त एका बाजूचं चित्र पूर्ण समजून आपण पुस्तक मिटतो, तिथे चुकतं. आणि दुसरी बाजू आहे, ती चित्रातही आहे. छोई सोंग-गुक हा त्याच एसईके स्टुडिओतला ॲनिमेटर. उत्तर कोरियातून निसटून तो दक्षिणेत पोचला आणि 2016 पासून नेव्हर या कोरियन संकेतस्थळावर ‘रोदोंग शिम्मुन’ नावाची वेबटून, म्हणजे इंटरनेटवरची चित्रमालिका, काढू लागला. विषय उत्तरेकडून नव्यानं आलेल्या लोकांची दक्षिणेतली धांदल: चौकशीच्या खोलीपासून सुपरमार्केटपर्यंत. सूर विनोदी. म्हणजे हीसुद्धा परक्या देशात राहण्याचीच चित्रकथा. देलिलच्या पुस्तकाशेजारी ही ठेवली की दोघांच्या विनोदातलं अंतर दिसतं. छोई स्वतःच्या लोकांवर हसतो, कारण काल तो तसाच होता. त्याला परत जायला विमान नाही.

ती रांगही अजून संपलेली नाही. अमेरिकेच्या अर्थखात्यानं डिसेंबर 2021 मध्ये एसईकेवर निर्बंध लादले. तरी एप्रिल 2024 मध्ये ‘38 नॉर्थ’ या उत्तर कोरियाचा अभ्यास करणाऱ्या गटानं उघड केलं, की उघड्या राहिलेल्या एका उत्तर कोरियन सर्व्हरवर अमेरिकी आणि जपानी ॲनिमेशन मालिकांच्या कामाच्या फाइली सापडल्या. सूचना चिनीत, खाली त्यांचं कोरियन भाषांतर. मूळ निर्मात्यांना आपलं काम कुठवर पोचलंय याची कल्पना होती असा काही पुरावा नव्हता. चीनमधल्या कुणीतरी घेतलेलं काम पुढे सरकलं असावं. सबकाँट्रॅक्टचा हाच गुण. कुणाला काही ठाऊक नसतं आणि फाइल वेळेवर पोचते. देलिलनं वीस वर्षांपूर्वी निदान ते टेबल पाहिलं तरी होतं. आता क्लायंटचा माणूस तिथे जातही नाही.

म्यानमार आणि जेरुसलेमच्या पुस्तकांत त्याची भूमिका बदलते, आणि त्याबरोबर त्याची नजरही. नोकरी बायकोची, हा घर आणि मुलं सांभाळून उरलेल्या वेळात चित्रं काढणारा. रंगूनमध्ये बाबागाडी ढकलत नजरकैदेतल्या नेत्या आंग सान स्यू ची यांच्या घराच्या दिशेनं निघतो आणि पहारेकरी परत पाठवतात. एमएसएफच्या फ्रेंच शाखेला सीमेवरच्या भागांत काम करू दिलं जात नाही म्हणून तिनं 2006 मध्ये म्यानमार सोडलं. ती घुसमट देलिल बाहेरून, जेवणाच्या टेबलावरच्या गप्पांतून टिपतो. जेरुसलेममध्ये ते राहतात बेत हानिना या पूर्वेकडच्या वस्तीत. ऑगस्ट 2008 पासूनचं एक वर्ष. कचरा उचलला जात नाही, पदपथ नाहीत, कोणत्या वारी कोणाची सुटी हे कळायला महिना जातो: शुक्रवार मुसलमानांचा, शनिवार ज्यूंचा, रविवार ख्रिश्चनांचा, आणि पाळणाघर कोणत्या धर्माचं यावर बापाचा आठवडा ठरतो. डिसेंबरच्या शेवटी गाझावर बॉम्बवर्षाव सुरू होतो तेव्हा बायकोच्या कामाचे तास वाढतात आणि हा मुलांना सांभाळत घरी. गाझाचा परवाना त्याला मिळत नाहीच. त्यामुळे पुस्तकात गाझा नाही, आणि ते पुस्तक गाझा पाहिल्याचा आवही आणत नाही. क्वालिटी तपासायला आलेल्या माणसापेक्षा हा दूध आणायला निघालेला माणूस मला अधिक विश्वासार्ह वाटतो.

इथे आपल्याकडच्या एका मोठ्या न काढलेल्या चित्राची आठवण होते. एच-4 व्हिसावर अमेरिकेत गेलेल्या मराठी मुली. इंजिनिअर, डॉक्टर, सीए; पण नवऱ्याच्या व्हिसाला टांगलेल्या, नोकरीची परवानगी नाही. मे 2015 पासून त्यांतल्या काहींना, म्हणजे ज्यांच्या नवऱ्याची ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठरावीक टप्प्याच्या पुढे गेली आहे त्यांना, काम करता येऊ लागलं. देलिलनं बायकोच्या मागे जाण्याची दोन जाडजूड पुस्तकं केली आणि त्याचं कौतुक झालं, यात पुरुष मागे गेल्याचं नवलही असणार. आपल्याकडे नवऱ्याच्या मागे जाणं इतकं गृहीत, की त्यात सांगण्यासारखं काही असेल असं कुणाला वाटतच नाही. पाळणाघर, बस, लायब्ररी, शेजारीण, बर्फात अडकलेली बाबागाडी. जे पाहून देलिलचं पुस्तक झालं ते सगळं या बायकांनी रोज पाहिलंय. आणि आपलं प्रवासवर्णन मात्र नायगरा, आयफेल आणि ‘तिथली स्वच्छता’ यांतून उठायला तयार नाही.

देलिलला स्वतःलाही ही मर्यादा कळली असावी असं त्याच्या पुढच्या कामावरून वाटतं. क्रिस्तोफ आंद्रे हा एमएसएफचा कर्मचारी 1997 मध्ये रशियातल्या इंगुशेतियातून पळवला गेला आणि चेचन्यात 111 दिवस ओलीस राहून स्वतःच निसटला. देलिलनं त्याच्याशी बसून बोलून त्याची चारशेहून अधिक पानांची चित्रकथा केली. तिच्यात देलिल कुठेच नाही. एक खोली, एक गादी, हाताला बेडी, सूप, आणि दिवस मोजणं. टिंगल नाही, शेरे नाहीत. 2021 मध्ये त्यानं क्वेबेकमधल्या कागद गिरणीतल्या आपल्या उमेदवारीच्या उन्हाळ्यांवर पुस्तक काढलं. वडील त्याच गिरणीच्या कचेरीत, हा खाली यंत्रांच्या आवाजात, बारा-बारा तासांच्या पाळीत. इथेही तो जाणार आणि बाकीचे राहणार हे ठरलेलं आहे, आणि या वेळी ते अंतर त्यानं झाकलेलं नाही. स्वतःच्या गावातला हा ‘परदेश’ त्याला प्याँगयांगपेक्षा चांगला जमला, असं माझं मत.

आता आपल्या टोकाकडे येतो. मालाड-गोरेगावच्या स्टुडिओंत रोटो म्हणून एक काम चालतं. पडद्यावरच्या नटाची बाह्यरेषा फ्रेममागून फ्रेम कापून वेगळी करायची, म्हणजे मागे हवी ती पार्श्वभूमी बसवता येते. केस उडत असतील तर बघायलाच नको. एका सेकंदाच्या शॉटला दिवस जातो. रात्री लॉस एंजेलिसहून किंवा लंडनहून नोट्स येतात, सकाळी लीड त्या वाचून दाखवतो, शॉट ‘किक बॅक’ होतो, पुन्हा बसायचं. ‘एज चॅटर होतंय’, म्हणजे कापलेली कड थरथरतेय. एवढ्याशा शेऱ्यावर तीन जणांचा रविवार जातो. देलिलनं काढलेलं टेबल हेच. फक्त कागदाच्या जागी स्क्रीन आला.

2013 चा ऑस्कर आठवा. ‘लाइफ ऑफ पाय’ला व्हिज्युअल इफेक्ट्सचा पुरस्कार मिळाला, आणि त्यातला वाघ घडवणाऱ्या रिदम अँड ह्यूज या लॉस एंजेलिसच्या कंपनीनं त्याआधी काही दिवसच दिवाळखोरीचा अर्ज केला होता. बाहेर रस्त्यावर अमेरिकी कलाकारांनी निदर्शनं केली. व्यासपीठावर पर्यवेक्षक कंपनीच्या संकटाविषयी बोलू लागला तसं संगीत वाढवून त्याला थांबवलं गेलं. त्याच कंपनीचे स्टुडिओ मुंबईत आणि हैदराबादेत होते. तिथल्या लोकांनी ती रात्र कशी काढली, पगाराचं काय झालं, निदर्शकांच्या फलकांवर ‘काम बाहेर गेलं’ म्हणजे आपल्याकडेच गेलं हे वाचताना काय वाटलं? कथा पाँडिचेरीच्या मुलाची, वाघ बंगालचा, मेहनतीचा एक वाटा मुंबईचा. आणि तरी त्या घटनेची सांगितली गेलेली हकिकत जवळपास सगळी अमेरिकेची.

याला आळस किंवा प्रतिभेची वानवा कारण नाही. मुंबईत चित्र काढता येणाऱ्यांची ददात नाही. पहिली आडकाठी करारात आहे. या धंद्यात रुजू होताना एनडीए म्हणजे गोपनीयतेचा करार सही करावा लागतो, आणि तो इतका ऐसपैस लिहिलेला असतो की चित्रपटाच्या गोष्टीबरोबर तुमच्या पाळीच्या वेळा, खुर्ची, कँटीन आणि बॉसचा आवाज हेही जणू क्लायंटच्या मालकीचं होतं. श्रेयनामावलीतही स्टुडिओला मोजकीच नावं देता येतात. म्हणजे केलेलं सांगायचं नाही, आणि नावही येणार नाही. न आलेल्या सिनेमाची फ्रेम बाहेर जाऊ नये, हे मान्य. पण सिनेमा येऊन जुना झाल्यावर, एकही फ्रेम न दाखवता, ‘मी इथे असा बसत होतो’ एवढं काढायला बंदी कशासाठी? गोपनीयतेची मुदत प्रदर्शनाबरोबर संपावी आणि कामाच्या परिस्थितीविषयी बोलण्यावर ती लागूच नसावी, एवढं कलम मागायला हवं. ॲनिमेशन-व्हीएफएक्ससाठी सवलतींची धोरणं सरकारं आखतात, त्यात जागा, वीज, अनुदान सगळं असतं. हे एक कलम घालायला पैसाही लागत नाही.

हे सगळं सोडवूनही एक अडचण उरते, ती आपल्या घरची. मराठीत चित्रकादंबरी म्हटलं की लोक मुलांचं पुस्तक समजतात. प्रकाशक म्हणतो, रंगीत छपाई परवडत नाही. देलिलच्या पुस्तकांकडे बघा. पहिली दोन तर सरळ करड्या छटांत आहेत, पुढच्यांतही रंगांची उधळण नाही. आणि चित्रं वाचणारा वाचक नाही हे म्हणणं महाराष्ट्रात तरी कुणी करू नये. शि. द. फडणीसांची बिनशब्दांची मुखपृष्ठं ज्यांनी घराघरांत उलगडून वाचली, ‘आवाज’ दिवाळी अंकाच्या खिडक्या ज्यांनी उघडून पाहिल्या, त्यांची ही मुलं-नातवंडं. गोव्याच्या मारिओ मिरांडानं ऐन तारुण्यात रोजच्या रोज चित्रमय रोजनिशी ठेवली. लग्नं, मयतं, बाजार, शेजारी, सगळं त्यात आलं. पुढे तो लिस्बन-लंडनला राहिला, देशोदेशी पाहुणा म्हणून जाऊन शहरं काढून आला. ती चित्रं देखणी आहेत. पण जीव आहे तो त्या रोजनिशीत, कारण तिथे तो पाहुणा नव्हता.

सगळीकडे आता जाडजूड पुस्तकच हवं असंही नाही. दिवाळी अंकात कथेला वीस-पंचवीस पानं मिळतात. तेवढ्यात एका रोटो आर्टिस्टची रात्रपाळी मावते, न्यू जर्सीतल्या डिपेंडंट व्हिसावरच्या बाईचं एक वर्ष मावतं, दुबईच्या साइटवरच्या रत्नागिरीच्या फोरमनचा रमजान मावतो. संपादकांनी एवढंच करावं, की या लोकांकडे ‘अनुभव लिहून द्या’ म्हणून शब्द मागण्याऐवजी पानं मोकळी ठेवावीत आणि चित्राचे पैसे कथेइतकेच द्यावेत. सध्या बहुतेक ठिकाणी चित्राला सजावटीचा दर मिळतो.